बॉयलरचा दाखला आणि कंट्रोलरचा पासवर्ड

साखर कारखान्याच्या आवारात दोन यंत्रं अशी असतात, की ती चालवायला बाहेरच्या माणसाची सही लागते. एक वजनकाटा. वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, प्रमाणित वजनं चढवून काटा तपासतो आणि सील करतो. आमच्या भागात काटामारी हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं चिडतात, कारण वर्षभर राबून वाढवलेल्या उसाचं मोल त्या एका आकड्यावर ठरतं. दुसरं यंत्र बॉयलर. बंद हंगामात बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक येतो, ड्रम आतून बघतो, नळ्या किती झिजल्या ते तपासतो, हायड्रॉलिक टेस्ट घेतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडतो का ते पाहतो आणि मग दाखला मिळतो. दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपनाचा मंडप कितीही मोठा घातला, तरी त्या दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही.

तिसरं यंत्र कंट्रोल रूममधल्या लोखंडी कपाटात असतं. ड्रममध्ये पाणी किती ठेवायचं, भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, किती ढकलायचा, पंख्यांनी हवा किती द्यायची, टर्बाइनला वाफ किती सोडायची, हे आता तिथला कंट्रोलर ठरवतो. सहवीजनिर्मितीच्या प्रकल्पात चौरस सेंटिमीटरला ६७ किंवा ८७ किलो दाब सर्रास असतो, काही ठिकाणी ११०. एवढ्या दाबाखाली ड्रममधलं पाणी कमी झालं तर नळ्या कोरड्या पडून तापतात आणि फाटतात. पाणी जास्त झालं तर वाफेबरोबर ते टर्बाइनमध्ये जातं आणि पात्यांची वाट लागते. म्हणजे निरीक्षकाने ज्या पोलादाला दाखला दिला, ते पोलाद हंगामभर शाबूत राहणं कंट्रोलरमधल्या प्रोग्रामवर अवलंबून आहे. त्या प्रोग्रामला कोण हात लावू शकतो, कुठून लावू शकतो, हे विचारणारा निरीक्षक मला गेल्या बावीस वर्षांत एकाही कारखान्यात भेटलेला नाही.

पॅनल बनवणं आणि ते कारखान्यात उभं करून चालू करून देणं हा माझा धंदा. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या पट्ट्यात साखर कारखाने, फाउंड्र्या, दूध संघ आणि नगरपालिकांच्या पाणीयोजना अशी सगळी कामं केली आहेत. तेव्हा मी जे मांडतो आहे ते माझ्याच धंद्यावर बंधन घालणारं आहे, आणि ते बंधन यावं असं मला मनापासून वाटतं. आवारातल्या बॉयलरला जी शिस्त आहे, ती नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक कंट्रोलरला लावली पाहिजे. ती जबाबदारी कारखानदाराच्या गळ्यात टाकण्याआधी ते यंत्र बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकली पाहिजे.

तीनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात स्क्रीन गोठते म्हणून मला बोलावलं होतं. पॅनल माझं नव्हतं. दार उघडलं तर आत, वायरिंगच्या पट्टीमागे, मोबाइलचं सिमकार्ड घातलेला छोटा राउटर चालू. ज्या इंजिनिअरने ते काम चालू करून दिलं त्याने पुण्यात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून तो बसवला होता आणि नंतर नोकरी सोडून गेला होता. सिम कोणाच्या नावावर, बिल कोण भरतं, कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी माहितीपुस्तिकेत छापलेला पासवर्ड टाकला आणि आत शिरलो. कोणी काही वाईट केलं नव्हतं. पण चार हंगाम त्या बॉयलरच्या घराला एक दार होतं आणि ते सताड उघडं आहे हे चीफ इंजिनिअरला माहीतच नव्हतं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. बॉयलरच्या प्रत्येक नळीची नोंद ठेवणारा तो माणूस.

हे एवढं उघडं का राहतं, याचं कारण समजून घ्यायला हवं. त्यात कोणाचा आळस फार नाही. कारखान्यातली यंत्रं ज्या भाषांत एकमेकांशी बोलतात, त्यांतली सगळ्यात पसरलेली भाषा म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली. तिच्यातला आदेश असा असतो : अमुक नंबरच्या यंत्रा, तुझ्या अमुक रजिस्टरमध्ये हा आकडा लिही. यंत्र लिहितं. सांगणारा कोण, हे विचारायची सोयच मूळ भाषेत नाही. १९७९ मध्ये ती लागतही नव्हती, कारण केबल पॅनलमधून निघायची आणि त्याच शेडमध्ये संपायची. पॅनलपर्यंत पोचायला गेटवरच्या वॉचमनला ओलांडावं लागे. पुढे केबलला राउटर लागला, राउटरला सिम, आणि शेडच्या भिंती जगाएवढ्या झाल्या. भाषा मात्र तीच राहिली. तिची सुरक्षित आवृत्ती नंतर निघाली आहे; मला ती प्रत्यक्ष कामात क्वचितच दिसते, कारण जोडायच्या दहा यंत्रांपैकी नऊ जुनी असतात.

आणि जुनी म्हणजे खरोखर जुनी. गिरणीचा टर्बाइन तीस वर्षं चालतो, त्याचा कंट्रोलर सहज पंधरा-वीस. त्याच्या शेजारच्या संगणकाचं आयुष्य निराळं. विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं एप्रिल २०१४ मध्ये थांबलं, विंडोज सेव्हनला जानेवारी २०२० मध्ये, विंडोज टेनला ऑक्टोबर २०२५ मध्ये. या तिन्हींवर चालणाऱ्या स्क्रीन मी आजही बघतो. कारखानदार म्हणतो, यंत्र चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? त्याचं चूक नाही. यंत्र विकताना कोणी त्याला सांगितलंच नव्हतं, की यातला एक भाग पाच वर्षांत निराधार होईल.

पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलिक्विपा या छोट्या गावाचं उदाहरण मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण ते गाव आपल्या कुठल्याही नगरपालिकेसारखं आहे. २५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर पंपघरातला कंट्रोलर परक्यांनी ताब्यात घेतला. कंट्रोलर इस्रायली बनावटीचा होता. हल्ला करणारा गट इराणच्या क्रांतिरक्षक दलाशी जोडलेला असल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. स्क्रीनवर इस्रायलविरोधी मजकूर झळकला. त्या जातीच्या कंट्रोलरचा कारखान्यातून येणारा पासवर्ड होता ११११, आणि कंट्रोलर इंटरनेटवर थेट दिसत होता. कामगारांनी पंप हाताने चालवायला घेतले, गावाचं पाणी तुटलं नाही. त्या गावाचं कोणाशी भांडण नव्हतं. दोन देशांच्या वैरात त्यांचा पंप सापडला, तो केवळ पॅनलमधल्या डब्यावर कोणाचं नाव होतं म्हणून.

‘आपल्यावर कोण कशाला हल्ला करेल’ हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला आणि जगभर पसरताना तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातही शिरला. उरणजवळ, जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. द्राक्षं असोत की यंत्रांचे सुटे भाग, कंटेनरला युक्रेनचं राजकारण कळत नाही. मर्स्कने पुढे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले आणि नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरचं सांगितलं. एवढी ऐपत इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याकडे नाही.

आता नव्या जाळ्यांकडे वळतो, कारण सध्या प्रत्येक औद्योगिक प्रदर्शनात त्यांचाच बोलबाला आहे. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि त्याआधी जूनमध्येच दूरसंचार विभागाने कारखान्यांना स्वतःपुरतं खासगी ५जी जाळं उभारण्याची वाट मोकळी केली. तंत्रज्ञान म्हणून ते उत्तम आहे, आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. त्यात सिम जाळ्याला ओळखतं आणि जाळं सिमला, हवेतला संदेश सांकेतिक होऊन जातो, एका वापराला जाळ्याचा स्वतंत्र तुकडा राखून ठेवता येतो. वायफायपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. पण विकणारे जिथे थांबतात तिथून माझी काळजी सुरू होते. ५जी ओळखतं ते सिमला. त्या सिमच्या डब्यामागे जो कंट्रोलर लटकतो आहे तो अजून मॉडबसच बोलतो, आणि त्याला आलेला आदेश खऱ्या ऑपरेटरचा की शिरकाव केलेल्या माणसाचा, हे ५जीला कळत नाही. रस्ता डांबरी झाला, त्यावर नाका बसला. पण नाक्यातून एकदा आत आलेल्या गाडीत काय भरलंय ते कोणी उघडून पाहत नाही. उलट रस्ता चांगला झाल्याने गाड्या वाढतात. पूर्वी जी मोटर कधी जोडली नसती, ती आता ‘सोय आहेच तर’ म्हणून जोडली जाते.

यावर उपाय नाहीत असं मुळीच नाही, आणि हेच मला जास्त टोचतं. २०१९ पासून इंटरनेटच्या मानकांत अशी एक पद्धत आहे, की यंत्र बनवणारा स्वतःच लिहून देतो : हा पंप फक्त या दोन ठिकाणांशी बोलेल, बाकी कोणाशी बोलायला लागला तर समजा काहीतरी बिघडलं आहे. जाळं ते वाचतं आणि बाकीच्या वाटा बंद ठेवतं. किती साधी गोष्ट आहे! पंपाला रशियाशी, चीनशी, कोणाच्या घरच्या लॅपटॉपशी बोलायची गरजच काय? लहान, कमी ताकदीच्या यंत्रांना सांकेतिक लिपी झेपत नाही ही तक्रारही आता फारशी टिकत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने अशा यंत्रांसाठी अ‍ॅस्कॉन नावाची हलकी पद्धत २०२३ मध्ये निवडली आणि २०२५ मध्ये तिचं मानक प्रसिद्ध केलं. कारखान्याचं जाळं कप्प्याकप्प्यांत तोडून कप्प्यांमधली दारं मोजकी ठेवावीत, हे सांगणारं आयईसी ६२४४३ हे मानकही आहे. सगळं आहे. मागितलं जात नाही, म्हणून मिळत नाही. मी दर भरतो तेव्हा सुरक्षेचा खर्च धरला की माझी निविदा वर जाते, आणि न धरणाऱ्याला काम मिळतं.

बॉयलरचंही एकेकाळी असंच होतं. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम आले, ते एकत्र करून १९२३ चा कायदा झाला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्याच्या पोटातले १९५० चे नियम, म्हणजे आमच्या तोंडी असलेलं ‘आयबीआर’. पाइप आयबीआर, व्हॉल्व्ह आयबीआर, वेल्डरसुद्धा आयबीआर. त्याची खरी ताकद वर्षाच्या तपासणीत नाही. पत्रा कुठल्या भट्टीतून आला, सांधा कोणी जोडला, नकाशा कोणी मंजूर केला, याचा माग यंत्र कारखान्यात येण्याआधीच तयार असतो. कारखानदाराला धातुशास्त्र शिकावं लागत नाही. त्याला फक्त शिक्का बघावा लागतो. सुरक्षेचा भार जाणत्यावर टाकण्याची ही रीत आपण शंभरहून अधिक वर्षं वापरतो आहोत. कंट्रोलरच्या बाबतीत मात्र आपण वापरणाऱ्यालाच सांगतो, की तू जागरूक राहा, पासवर्ड बदल, प्रशिक्षण घे.

जगात वारं फिरलं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडयंत्रांना, म्हणजे इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या यंत्रांना, सर्वांना एकच असा सोपा पासवर्ड देऊन विकणं बेकायदा आहे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे विक्रेत्याने सांगावंच लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून सुरू होतील, आणि ती कारखान्यातल्या कंट्रोलरलाही लागू आहेत. युरोपला माल पाठवणाऱ्या आपल्या पंपवाल्यांना आणि यंत्रवाल्यांना ती पाळावीच लागतील. त्याच शेडमधून युरोपला जाणाऱ्या खोक्यात कुलूप असेल आणि कराडला येणाऱ्या खोक्यात नसेल, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये ग्राहकांच्या जोडयंत्रांसाठी आचारसंहिता काढली, त्याच वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये सहा तासांत घटना कळवण्याचं आणि १८० दिवसांच्या नोंदी जपण्याचं बंधन घातलं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना तर एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. या शेवटच्या पावलाला उत्पादकांनी खूप विरोध केला, प्रयोगशाळा पुरणार नाहीत, माल अडकेल, असं सांगितलं. त्या अडचणी खऱ्या होत्या आणि त्यांवर काम करावंच लागेल. पण सरकारला इच्छा असेल तर यंत्राला बाजाराच्या दारातच अडवता येतं, एवढं त्यातून दिसलं. माझा प्रश्न एवढाच, की कॅमेरा नुसता बघतो आणि कंट्रोलर वाफ सोडतो, मग चाचणी पहिल्यालाच का?

नोंदींचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या सायबर विभागाने पुढे घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. देशाच्या आर्थिक राजधानीबाबत सरकारच्या दोन पायऱ्यांवर दोन उत्तरं निघाली. आमच्या पंपघरातला कंट्रोलर तर कोण आलं, कोण गेलं याची नोंदच ठेवत नाही. तिथे सहा तासांत कळवायचं काय?

लघुउद्योजक मित्र मला लगेच विचारतात, आणखी एक निरीक्षक आणतोस का? त्यांची भीती मी जाणतो, मीही त्यांच्यातलाच आहे. म्हणूनच मी वापरणाऱ्याच्या दारात निरीक्षक मागत नाही. शिक्का बनवणाऱ्याकडे लागावा. प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा असावा. बाहेरच्या पत्र्यावर जसा दाब आणि क्रमांक कोरतात, तशी सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील ती तारीख कोरलेली असावी, म्हणजे खरेदी करणारा किमतीबरोबर आयुष्यही पारखेल. ज्याने यंत्र चालू करून दिलं त्याने दूरवरून येण्याच्या सगळ्या वाटा लेखी देऊन सही करावी, आणि त्या लेखाबाहेरची वाट सापडली तर नुकसानीला तो बांधील राहावा. हे आधी बॉयलर, पाणीयोजना, रसायनांचे प्रकल्प आणि भट्ट्या इथे लागू व्हावं. कायदा यायला वेळ लागेल, पण निविदेत अट घालायला लागत नाही. राज्यातल्या पाणीयोजनांची यंत्रणा सरकारी पैशातून उभी राहते. तिथल्या निविदेत हे तीन परिच्छेद घातले, तर न धरणाऱ्याला काम मिळण्याचा प्रकार एका वर्षात थांबेल.

आणि जे हाताने चालतं ते हाताने चालत राहू द्या. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर चढवले. ते त्यांना अजून येत होतं. आपल्याकडे किती पंपघरांत व्हॉल्व्हची चाकं गंजून बसली आहेत ते मी बघतो. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह स्प्रिंगवर चालतो, त्याला कुठलंही जाळं माहीत नाही. म्हणूनच आज बॉयलर हाऊसमध्ये मला अजून निर्धास्त झोप लागते. खर्च वाचवायला उद्या कोणी सुरक्षेची ही शेवटची कडीही जाळ्याला जोडू म्हणेल, तेव्हा सौदी अरेबिया आठवावा. २०१७ मध्ये तिथल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोर थेट सुरक्षेच्याच कंट्रोलरमध्ये घुसले. त्यांच्या प्रोग्राममधल्या चुकीने प्रकल्प बंद पडला म्हणून पत्ता लागला. त्या कंट्रोलरवर एक किल्ली होती. ती ‘रन’वर असती तर प्रोग्राम बदलताच आला नसता. कोणीतरी ती ‘प्रोग्राम’वर फिरवून तशीच ठेवली होती.

त्या हल्ल्याचा अहवाल वाचल्यापासून मी प्रत्येक पॅनलच्या दारावर किल्लीचा स्विच बसवतो. किल्ली फिरवल्याशिवाय राउटरला वीजच मिळत नाही, म्हणजे पुण्याहून काय किंवा कुठूनही काय, कोणी आत येऊ शकत नाही. ती किल्ली पाळीच्या ऑपरेटरकडे असते, आणि कोणी, किती वाजता, कोणासाठी फिरवली ते लॉगबुकात लिहायचं असतं. पहिल्या हंगामात इंजिनिअर लोकांनी कुरकुर केली, रात्री दोनला फोन करून कोणाला तरी उठवावं लागतं म्हणून. आता त्याच कारखान्यात रात्रपाळीचा ऑपरेटर फोनवर आधी विचारतो, “साहेब, कशाला यायचंय? काय बदलणार आहात?” उत्तर लिहून घेतो आणि मग किल्ली फिरवतो. काम झालं की काढून परत खिशात ठेवतो.